काचेवर दोनदा

“मामा, त्या रिकाम्या केबिनमध्ये तू कुणासाठी गाणी लावतोस?”

प्रश्न माझा नव्हता. माझ्या दोन मैत्रिणींचा होता. विचारायची हिंमत दोघींपैकी एकीतही नव्हती, म्हणून पैज माझ्या गळ्यात पडली.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. घाबरवायला रचलेल्या गोष्टी खूप वाचल्यात मी, त्यांची मजाही घेतलीय. ही तशी नाही. यातला अर्धा भाग मामाने मला समोर बसवून सांगितला. उरलेला माझ्या डोळ्यांदेखत घडला. रात्र नव्हती. वादळ नव्हतं. दिवे गेले नव्हते. शाळा सुटायची वेळ, बाहेर लख्ख ऊन आणि फुटपाथवर माणसंच माणसं.

हे मी मामाच्या दुकानात, काउंटरवर बसून लिहितेय. मध्येच धागा तुटला तर सांभाळून घ्या. मला अधूनमधून उठावं लागतं.

का, ते कळेलच.

मामा म्हणजे माझ्या आईचा मोठा भाऊ. एकटा राहतो आणि रेकॉर्डचं दुकान चालवतो. हो, अजून! त्याच त्या काळ्या, ताटाएवढ्या रेकॉर्ड. लाकडी खणांत उभ्या लावलेल्या. आत शिरलं की जुन्या पुठ्ठ्याचा वास नाकात जाऊन बसतो. आई सांगते, एके काळी संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसायची. माणसं खरेदीला कमी आणि भांडायला जास्त यायची. कोणता गायक मोठा, कुणाचा सूर घसरला, यावरून चांगली कमावती माणसं महिना महिना अबोला धरायची, आणि त्या अबोल्यातही एकाच खणापाशी खांद्याला खांदा लावून रेकॉर्ड चाळायची. मामा सगळ्यांना ओळखायचा. तुम्ही काय मागताय ते ऐकून घ्यायचा, आणि तुम्हाला खरं काय हवंय ते काढून हातात ठेवायचा.

शहरात अशी आणखी तीन-चार दुकानं होती म्हणे. एकात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. एकाचा दातांचा दवाखाना झाला. मामाचं तेवढं उरलंय.

आणि मामाच्या दुकानात ती केबिन उरलीय.

मागच्या भिंतीला लागून आहे. तिन्ही बाजूंनी काच. आत एक गोल स्टूल, वर लाल रेक्झिन, आणि एक स्पीकर. गिऱ्हाईकाने आत बसून रेकॉर्ड ऐकायची, आवडली तर घ्यायची. प्लेअर मात्र बाहेर, काउंटरवर, मामाच्या हाताशी. रेकॉर्डला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मामाला खपत नाही. त्यामुळे एक बाजू संपली की आतल्या माणसाने काचेवर दोनदा टकटक करायची. मामा उठणार, रेकॉर्ड उलटणार, दुसरी बाजू लावणार. दुकान उघडल्यापासून हाच शिरस्ता.

टक टक. की मामा उठला.

आता खरी अडचण. मामाच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढे ढकलाल तर मग आम्हाला बोलू नका. आठ-दहा दिवस दवाखाना आणि पुढे महिनाभर सक्तीचा आराम. मामाने दोनदा तारीख घेतली. दोनदा रद्द केली.

“दुकान कोण बघणार?” एवढंच म्हणायचा.

“कसलं दुकान रे दादा! आठवड्याला एक गिऱ्हाईक येतं तुझ्याकडे!” आई फोनवर ओरडायची. मग फोन ठेवून स्वयंपाकघरात जायची आणि नळ मोठा सोडून रडायची. तिला वाटायचं, मला ऐकू येत नाही.

मला सगळं ऐकू यायचं.

माझं म्हणाल तर मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायचे. मग वादविवाद स्पर्धेच्या दिवशी एक मुलगी आजारी पडली, बाईंनी मला उभं केलं, आणि माझं तोंड जे उघडलं ते अजून मिटलेलं नाही. मामा मला “भोंगा” म्हणतो. दहावीनंतर लांबच्या शहरात, होस्टेलवर राहून नाटक शिकायला मला प्रवेशसुद्धा मिळाला होता. तिथली खोली कशी असेल, खिडकीतून काय दिसेल, हे मी मैत्रिणींना इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यांनाच ती खोली पाठ झाली होती.

त्या मैत्रिणी म्हणजे चिमणी आणि वकिलीणबाई. पहिली आकाराने तशी आहे आणि दुसरीला कुठलीही गोष्ट पुराव्याशिवाय पटत नाही. क्लासला जाताना आमचा रस्ता दुकानावरूनच जातो. पुराव्यावर नजर वकिलीणबाईचीच पडली.

“केबिनमधला दिवा रोज चालू. रेकॉर्ड रोज फिरतेय. आत कुणी नाही. तुझा मामा गाणी ऐकवतो कुणाला?”

“भुताला!” चिमणी म्हणाली आणि स्वतःच दचकली.

“विचार की मग.”

“ती कसली विचारतेय!” चिमणीने मला डिवचलं.

झालं. मला असं कुणी म्हटलं की मी ऐकते होय? त्या दोघी समोरच्या फुटपाथवर थांबल्या, मी आत गेले, आणि दप्तरसुद्धा न उतरवता विचारलं.

मामाने माझ्याकडे बघितलं नाही.

त्याने केबिनकडे बघितलं.

मग हळूच म्हणाला, “बस. आणि फिदीफिदी हसणार असशील तर आत्ताच जा.”

मी बसले.

*

महामारीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. मी तेव्हा लहान होते. दुकानं एकदा उघडली होती, आता पुन्हा बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली होती.

त्या दिवशी दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. टायपिंगवाले काका. टायपिंगचा क्लास चालवायचे. रोज यायचे, केबिनमध्ये बसून पूर्ण रेकॉर्ड ऐकायचे, “वा शेठ, वा” म्हणायचे आणि हात हलवत निघून जायचे. आयुष्यात एक रेकॉर्ड विकत घेतली नाही. मामाने त्यांचं नाव फुकटशेठ ठेवलं होतं, पण एखाद्या दिवशी आले नाहीत तर मामाच अस्वस्थ व्हायचा.

व्हायोलिनची रेकॉर्ड चालू होती. पहिली बाजू संपली. काकांनी काचेवर टक टक केलं. मामा उठतोय तोच बाहेर गाडी आली. कर्ण्यावरून आवाज... सगळी दुकानं ताबडतोब बंद करा.

मामाने अधिकाऱ्याला विचारलं, “साहेब, वीस मिनिटं फक्त?”

साहेबांनी विचारलं, “काय विकता?”

“गाणी.”

“गाणी जीवनावश्यक नाहीत,” साहेब म्हणाले.

मामा काकांना म्हणाला, “दुसरी बाजू उद्या ऐका काका.”

“उद्या नक्की ना, शेठ?”

“अहो, दुकान कुठे पळून जातंय?”

तो उद्या आलाच नाही. आधी आठवडा, मग पंधरवडा, मग आणखी. काकांना दवाखान्यात हलवलंय, ऑक्सिजन लावलाय, एवढं मामाच्या कानावर आलं. त्यानंतर काहीच नाही. त्या दिवसांत “त्यानंतर काहीच नाही” याचा लोक एकच अर्थ धरायचे. मामानेही तोच धरला.

पण मामाच्या जिवाला घोर लागला होता तो वेगळाच. घाईघाईत शटर ओढताना जुन्या रेकॉर्डची एक चळत खिडकीखाली आडवी राहिली होती. आणि उन्हाळा सुरू झालेला. आडवी रेकॉर्ड उन्हात राहिली की वाकते, बशीसारखी होते, मग ती कायमची गेली. मामाला घरी झोप लागेना. डोळे मिटले की त्याला वाकलेल्या रेकॉर्ड दिसायच्या.

शेवटी एका दुपारी तो निघाला. फोन घरी, चार्जिंगला लावलेला. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्याने कुलूप काढलं, आत शिरला आणि बाहेरून कुणाला कळू नये म्हणून शटर आतून खाली ओढून घेतलं.

चळत उचलून उभी लावली असती आणि निघाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण तो मामा आहे. प्रत्येक रेकॉर्ड वाकलीय का, हे ऐकून बघितल्याशिवाय त्याला चैन कसं पडेल? त्याने हेडफोन कानाला लावले आणि एकेक रेकॉर्ड तपासायला बसला.

म्हणून त्याला गाडी ऐकू आली नाही. कर्णा ऐकू आला नाही. वरच्या मजल्यावर रुग्ण सापडले होते. इमारतीतल्या सगळ्यांना विलगीकरण केंद्रावर नेत होते, जिन्यावर पावलं वाजत होती, गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकत होते. आणि एका कर्मचाऱ्याने बघितलं, या शटरला कुलूपच नाही. कुणी आत शिरू नये म्हणून त्याने स्वतःजवळचं लावलं.

मामाने हेडफोन काढले तेव्हा...

सगळं शांत होतं.

तो शटर उचलायला वाकला. शटर बोटभरही हललं नाही.

मागे दार नाही. खिडकी आहे, तिला जाड गज. पलीकडे थोडी मोकळी जागा आणि कंपाउंडची भिंत. मामाने हाका मारल्या. शटर बडवलं. घसा बसेपर्यंत ओरडला. वरून कुणी “कोण आहे?” म्हटलं नाही. वर कुणी नव्हतंच.

मागच्या मोरीत नळाला पाणी होतं. खणात बिस्किटांचे पुडे होते. मरणार नाही, एवढं त्याला कळलं. सुटणार कसा, ते कळेना. मामाचं आणि आईचं नुकतंच वाजलं होतं, दुकान विकण्यावरून. तो फोन उचलत नाही म्हणजे रुसलाय, असंच आई समजत होती.

एक रात्र मामाने जमिनीवर पडून काढली. दुसऱ्या दिवशी त्याला सुचलं. ओरडून घसा बसतो, स्पीकरचा बसत नाही! त्याने मोठा स्पीकर ओढत नेऊन शटरला चिकटवला. त्या दिवशीची व्हायोलिनची रेकॉर्ड काउंटरवरच होती, ती पुन्हा प्लेअरवर चढवली. आवाज पूर्ण वाढवला. सुई ठेवली.

रिकाम्या गल्लीत व्हायोलिन घुमायला लागलं. मामा शटरला कान लावून बसून राहिला.

कुणी आलं नाही.

बाजू संपली. सुई शेवटच्या चरीत खर्र... खर्र... करत फिरत राहिली.

आणि मग...

टक टक.

“आलो! आलो!” मामा ओरडला आणि उठून सरळ काउंटरपाशी गेला. रेकॉर्ड उचलली. उलटली. सुई ठेवली.

पुन्हा व्हायोलिन सुरू झालं.

तेव्हा मामाचा हात हवेतच थांबला.

टकटक शटरवर झालीच नव्हती.

शटर लोखंडाचं आहे. आवाज काचेचा होता. आणि तो पाठीमागून आला होता. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याचे पाय उठले होते, हात चालले होते. डोकं मागाहून पोचलं.

त्याने हळूहळू मान वळवली.

केबिनमधला दिवा चालू होता.

तो त्याने लावला नव्हता.

आत कुणी नव्हतं. फक्त स्टूलवरचं रेक्झिन... दबलेलं होतं. मधोमध. कुणी बसावं तसं.

मामा घाबरलाच. पण खरं सांगू? त्याला भीतीपेक्षा वाईट जास्त वाटलं. त्याला वाटलं, टायपिंगवाले काकाच असणार. दुसरी बाजू उद्या म्हणालो आणि बिचारे तसेच गेले. तो हात जोडून म्हणाला, “ऐका काका. निवांत ऐका. आता सुटा.”

दुसरी बाजू पूर्ण वाजली. मामा हात जोडूनच उभा होता. संपली. खर्र... खर्र...

शांतता.

मामाने श्वास सोडला.

टक टक.

आता काय हवंय? दुसरी बाजू तर झाली. मामाने ठरवलं, उलटायची नाही. तो खाली बसला आणि दोन्ही हात कानांवर घट्ट दाबले.

टक टक. केबिनच्या काचेवर.

टक टक. पुढच्या शोकेसच्या काचेवर.

टक टक. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर.

आवाज जवळ येत होता.

टक टक. काउंटरच्या काचेवर, त्याच्या डोक्याच्या अगदी वर.

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मामाने डोळे उघडले, आणि...

थांबा. एक मिनिट.

आले.

हां. मामाने डोळे उघडले. आणि टकटक त्याच्या चष्म्यावर झाली.

बाहेरून नाही. आतून. डोळा आणि काच यांच्यामध्ये जी इवलीशी जागा असते ना, तिथून.

त्याने चष्मा काढून भिरकावला. तो फरशीवर पडला. पडताना फुटला नाही. मामा बघत असताना, तिथे पडल्या पडल्या, दोनदा हलला... आणि एका काचेला मधोमध तडा गेला.

मामाने उठून रेकॉर्ड उलटली.

त्यानंतर किती वेळ गेला, ते तो सांगू शकत नाही. शटरच्या फटीतून उजेड यायचा, जायचा. बाजू संपायची. टक टक. उलटायची. बाजू चालू असेल तेवढीच झोप. स्वप्नातही कान शेवटच्या सुराकडे. माझा मामा, ज्याला माणसांना गाणी ऐकवण्याइतकं कशातच सुख वाटलं नाही, तो स्वतःच्याच दुकानात वेठीला जुंपला गेला. तेही कुणाच्या, हे न कळता.

मध्ये एकदा वीज गेली. व्हायोलिन रडत रडत खाली आलं आणि अर्ध्यातच थांबलं.

मामा टकटक व्हायची वाट बघत बसला.

झाली नाही.

अंधारात तो एवढा गाढ झोपला की वीज आल्यावर रेकॉर्ड आपोआप वूँऽऽ करत फिरायला लागली, तेव्हाच जागा झाला. पण एक गोष्ट त्याला समजली. बाजू अर्धी राहिली की तो थांबतो. पुढचं ऐकायचं असतं ना त्याला.

मग एके सकाळी शटरवर धाडधाड झालं. या वेळी खरंच शटरवर. कुलूप उघडलं, शटर वर गेलं, उजेड आत घुसला. मास्क लावलेले दोन कर्मचारी होते. आणि त्यांच्या मागे, काठी धरून, अंगाने निम्म्यावर आलेले...

टायपिंगवाले काका.

जिवंत! दवाखान्यातून आदल्याच दिवशी सुटलेले. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर त्यांना बंद दुकानातून त्यांचंच व्हायोलिन ऐकू आलं होतं. त्यांनी कर्मचाऱ्यांच्या पाठी लागून कुलूप उघडायला लावलं होतं.

मामा त्यांच्या पायांशी बसून रडायला लागला. काका मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते मामाच्या डोक्यावरून आत, केबिनकडे बघत होते.

“शेठ,” ते म्हणाले, “माझ्या जागेवर कोण बसलंय?”

*

मामा बोलायचा थांबला. पण माझं तोंड बंद राहील तर तो भोंगा कसला?

“मग काका?”

“ते पुन्हा दुकानात आले नाहीत. रस्ता ओलांडून जातात.”

“आणि तू?”

“मी रोज येतो. दिवसभर बाजू उलटतो. संध्याकाळी अर्ध्या बाजूवर सुई उचलतो आणि घरी जातो. सकाळपर्यंत थांबतो तो. एकदा ताप आला म्हणून दोन दिवस आलो नाही. घरातली एक काच धड राहिली नाही, भोंग्या. आईला तुझ्या सांगितलं, मांजर शिरलं होतं.”

“मग फोडून टाक ना ती केबिन! विक दुकान!”

“काच काय फक्त दुकानातच असते?”

मला एकदम सगळं लख्ख दिसलं. दोनदा रद्द झालेली तारीख. दुकान कोण बघणार. आठ-दहा दिवस दवाखाना.

मामा छाती चोळत होता. चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने गोळ्यांची पट्टी चाचपली, ती रिकामी निघाली.

“मी आणते,” मी म्हटलं.

“औषधवाला चिठ्ठीशिवाय तुला देणार नाही. मला ओळखतो. बाजू संपायच्या आत येतो.” दारातून वळून म्हणाला, “तू कशाला हात लावू नकोस. काही झालं तरी.”

तो गेला. औषधाच्या दुकानासमोर रांग होती. मला काउंटरवरून दिसत होती.

रेकॉर्ड फिरत होती. मी केबिनकडे टक लावून बसले. स्वतःला समजावत होते, मामा एकटा राहतो, आजारी आहे, माणसाला भास होतात. वकिलीणबाई असती तर पुरावा मागितला असता.

शेवटचा सूर संपला. खर्र... खर्र...

मी रांगेकडे बघितलं. मामाच्या पुढे अजून दोघं होते.

टक टक.

मी ऐकलं नाही असं दाखवलं. स्वतःलाच. मोबाइल काढला आणि उगाच काहीतरी वाचायला लागले.

टक टक. शोकेसवर.

टक टक. घड्याळावर.

मी मोबाइल दोन्ही हातांनी घट्ट धरला. आणि माझ्या हातात... स्क्रीनवर... माझ्या अंगठ्याच्या बरोब्बर खाली...

टक टक.

आतून.

अंगठ्याला ते जाणवलं. कुणीतरी दुसऱ्या बाजूने बोट लावावं तसं.

मी उठले. रेकॉर्ड कडेने धरली, मामा धरतो तशी. उलटली. सुई ठेवली. ती अगदी अलगद बसली.

व्हायोलिन सुरू झालं. केबिनमधलं स्टूल फुस्स करून आणखी थोडं दबलं. माणूस नीट सावरून बसतो ना, तसं.

मामा दारात उभा होता. हातात गोळ्या. त्याने सगळं बघितलं होतं. 

ती बाजू संपेपर्यंत आम्ही दोघं काउंटरपाशी बसून राहिलो.

संपली. टक टक. मामा झटकन उठला, रेकॉर्ड उलटली, सुई ठेवली. गाणं सुरू झालं.

टक टक.

असं कधीच झालं नव्हतं. गाणं चालू असताना कधीच नाही. मामाने सुई उचलली, पुन्हा ठेवली. टक टक. बाजू बदलली. टक टक. टक टक. आवाज माझ्या खिशातून येत होता.

मी मामाला बाजूला केलं. सुई मी ठेवली.

थांबलं.

“तू का उठलीस गं?” मामा म्हणाला. मी त्याला कधी रडताना बघितलं नव्हतं. “मी सांगितलं होतं ना... काही झालं तरी...”

“मामा, तू मोकळा झालास,” मी म्हटलं. माझा आवाज मला स्टेजवरच्यासारखा खणखणीत ऐकू आला.

“नाही. नाही. मी काहीतरी करतो. तू घरी जा.”

“जाते. पण आधी अर्ध्यावर येऊ दे.”

बाजू अर्धी झाल्यावर सुई मी उचलली आणि बाहेर पडले.

त्या दोघी अजून समोर उभ्या होत्या. क्लास बुडवून. हातात चिप्सचं रिकामं पाकीट.

“मानलं तुला!” चिमणी मला येऊन बिलगली. “पैज तुझी! आणि तेही गिऱ्हाईक आत बसलेलं असताना विचारलंस?”

“कुठलं गिऱ्हाईक?”

“केबिनमधलं. आज पहिल्यांदाच दिसलं कुणीतरी,” वकिलीणबाई म्हणाली. “पूर्ण वेळ पाठमोरं होतं. तू निघालीस तेव्हा वळून बघत होतं तुझ्याकडे.”

मी मागे बघितलं नाही. मी हे लिहितानाही तिकडे बघत नाहीये. बाजू संपत आलीय, एवढं ऐकू येतंय.

त्या संध्याकाळी आई-बाबा जेवायला बसले होते. आई घास नुसता चिवडत होती. मी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि त्यावर हात ठेवून उभी राहिले.

“आई, मामाच्या ऑपरेशनची तारीख घे. उद्याच. या वेळी तो नाही म्हणणार नाही. दुकान मी बघणार आहे.”

आईच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं, ते मी कितीतरी महिन्यांनी बघत होते. बाबा हसायला लागले. “पगार काय घेणार मालकीणबाई?”

आईसुद्धा हसली. डोळे पुसत पुसत हसली. मी त्यांना हसू दिलं. दोघांचं हसून होईपर्यंत थांबले.

मग म्हटलं, “आणि होस्टेलला कळवून टाका, मी येत नाहीये म्हणून. सुट्टीतही कुठे जायचं ठरवू नका. मी इथेच राहणार आहे.”